वालाच्या हंगामातली बंदी

वालाच्या शेंगा बाजारात आल्या की मी दरवर्षी गरजेपेक्षा जास्त घेते आणि घरी येऊन पस्तावते. खाणारी मी एकटी, शेंगा चौघांना पुरतील इतक्या. यंदा मात्र भाची सुनीता आली होती, तेव्हा तिला परातीसमोर बसवलं. तिचं निम्मं लक्ष शेंगांत आणि निम्मं मांडीवरच्या वहीत. कॉलेजात वादविवाद स्पर्धा होती. विषय असा, की वेश्याव्यवसायावर बंदी घातली तर गुप्तरोग कमी होतील का. बाजूने बोलायचं की विरुद्ध, ते ऐन वेळी चिठ्ठी काढून ठरणार होतं, म्हणून तिला दोन्हीकडचे मुद्दे हवे होते.

"मावशी, तू आयुष्यभर दवाखान्यात होतीस. पटकन सांग ना. हो की नाही?"

"आधी शेंगा सोल," मी म्हटलं.

विषय कुठून आला ते कळत होतंच. परदेशातून आलेल्या त्या नव्या रोगाबद्दल सध्या वर्तमानपत्रात रोज काहीबाही असतं. औषध नाही म्हणतात. औषध नसलेल्या रोगावर सल्ले मात्र पुष्कळ असतात. आमच्या कर्जतच्या बाजारात भाजीवाल्यापासून निवृत्त हेडमास्तरांपर्यंत सगळ्यांचं एकमत झालंय, की त्या बाया हाकलल्या की रोग गेलाच म्हणून समजा. मी ऐकून घेते. हसत नाही, कारण वयाच्या चोविसाव्या वर्षी माझंही हेच मत होतं, आणि ते मी नुसतं बाळगून थांबले नव्हते.

तोही हंगाम वालाचाच होता. भातं कापून खळी उठली की आमच्याकडे त्याच ओलीवर वाल टाकतात. त्याला पाणी द्यावं लागत नाही, दवावर वाढतो. पौषात जांभळी-पांढरी फुलं येतात, माघात शेंगा भरतात. मग जिकडेतिकडे मडकी बाहेर निघतात, शेंगा भरून वर भांबुर्ड्याचा पाला कोंबायचा आणि मडकं उपडं घालून भोवती जाळ करायचा. त्या पाल्याचा उग्र वास कपड्यांत आठ-आठ दिवस राहतो. शेंगा सोलणाऱ्यांची नखं काळी पडतात. माझ्यापुरता या सगळ्याला स्पिरिटचा आणि उकळत्या सुयांचाही वास आहे, कारण दवाखान्याच्या खिडकीला लागूनच वालाचं शेत होतं.

घाटाखाली खालापूरच्या अंगाला तो दवाखाना होता. दोन खोल्या, एक व्हरांडा, डॉक्टर आणि मी. समोर मुंबई-पुण्याचा हमरस्ता. घाट चढायच्या आधी ट्रक तिथं थांबायचे, इंजिनात पाणी घालायचे, चाकं ठोकून बघायचे, चहा प्यायचे. चहाच्या हॉटेलामागे कारवीच्या कुडाच्या दहा-बारा झोपड्या होत्या. त्यांत राहणाऱ्या बाया बहुतेक देशावरच्या, दुष्काळानं घाट उतरलेल्या. गाव त्यांना 'हॉटेलामागल्या' म्हणे. तेवढंच त्यांचं नाव आणि तेवढाच पत्ता.

त्यांच्यासाठी डॉक्टरांनी बुधवार ठेवला होता. गावातल्या बाया त्यांच्याबरोबर एका बाकावर बसायला तयार नसत, म्हणून ही सोय. पुढे 'तसला' आजार ज्या कुणा बाईला असेल तिला, मग ती झोपडीतली असो की घरातली, बुधवारीच बोलवायचं असं ठरून गेलं. मोठ्या रजिस्टरात नावं नकोत म्हणून बुधवारचा एक वेगळा कागद मी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवून ठेवायची. नाव, राहण्याची जागा, आजार, किती इंजेक्शनं झाली. ही पद्धत माझीच, आणि तिचा मला अभिमान होता.

एरवी व्हरांड्यात कण्हणं ऐकू यायचं, बुधवारी हसणं. त्या धुतलेली लुगडी नेसून, केसांना पाणी लावून यायच्या. "शिस्टर, तुमी डोळं मिटून टोचता काय वो?" असं म्हणायच्या, आणि टोचलं की माझ्याच खांद्याला धरून उभ्या राहायच्या. पेनिसिलीनचं ते इंजेक्शन फार दुखतं. मी फार बोलायची नाही, पण बुधवार मला आवडायचा. हे तेव्हा मी कुणाजवळ बोलले नाही.

हौसा त्यांच्यातलीच, पण हसण्यात नसायची. माणदेशातली, उंच, काळीसावळी. बाकाच्या टोकाला बसून आपली पाळी शेवटी घ्यायची. पौष सरता सरता एका बुधवारी ती डॉक्टरांपुढे उभी राहिली आणि म्हणाली, की तिला सहावा महिना आहे. त्याआधीची दोन मुलं पोटातच गेली होती. दोन्ही सातव्या महिन्यानंतर.

डॉक्टर माझ्याकडे बघून इंग्रजीत काहीतरी म्हणाले आणि त्यांनी तिचं रक्त काढलं. तेव्हा तपासणी आमच्याकडे होत नसे. काचेची नळी कापसात गुंडाळून मुंबईला जायची आणि उत्तर यायला दोन-तीन आठवडे लागायचे. तोवर औषध सुरू करायचं नाही, असा डॉक्टरांचा शिरस्ता. समजावून सांगायचं काम माझं. मी तिला सांगितलं, की बहुतेक अंगात गरमीचा रोग आहे, तोच पोटातल्या बाळाला खातो. तपासणीत तसं निघालं तर इंजेक्शनं घ्यायची. अजून वेळ आहे, आता घेतलीस तर बाळ वाचेल.

"नक्की?" तिनं विचारलं.

"नक्की," मी म्हटलं. नर्सनं हा शब्द वापरू नये, हे मला शिकवलेलं होतं.

"मग मी बुधवार चुकवत न्हाई बाई."

त्यानंतर दोन बुधवार ती आली. उत्तर आलं नव्हतं. ती नुसती बसून गेली.

त्याच सुमारास आण्णा दवाखान्यात आले. आण्णा गावाचे सरपंच. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही म्हणेन. शाळेचं छप्पर त्यांनी उभं केलं होतं, विहिरीचा गाळ स्वतः उतरून काढला होता. गावातले तीन तरणे मुलगे ट्रकवर क्लीनर म्हणून लागले आणि तिघांनाही परमा हा गुप्तरोग झाला, तेव्हापासून त्यांची झोप उडाली होती. डॉक्टर त्या आठवड्यात देवीच्या लशी टोचत कातकरी वाड्यांवर फिरत होते. आण्णा बाकावर बसले आणि मला म्हणाले, "शिस्टर, तुमी खुर्चीवर बसा. उभ्या नका राहू."

हे वाक्य किती मोठं होतं, ते सुनीताला समजावताना मला जड गेलं. मी गावाबाहेरच्या वस्तीतली. छप्पन सालानंतर आमच्या घरातले देव गेले, भिंतीवर तसबिरी आल्या आणि माझ्या वडिलांनी मला नर्सिंगला घातलं. पण कुठल्या गावच्या सरपंचानं स्वतः बाकावर बसून मला खुर्ची द्यावी, हे तोवर घडलं नव्हतं. मी बसले. पाठ ताठ ठेवून बसले.

"रोग गावातना काडायचा तर तो कुठं ऱ्हातो ते ठावं पायजे," आण्णा म्हणाले. "किती बाया हायेत, कुठं ऱ्हातात, तेवडं लिवून द्या. वाईट करायचं नाय कुनाचं. समद्यांना दवापानी करू."

डॉक्टरांना विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. खिळ्यावरचा कागद काढला आणि कोऱ्या पानावर माझ्या चांगल्या अक्षरात उतरवून दिला. वर शीर्षक घातलं, त्याखाली लाल शाईची रेघ ओढली. एकोणीस नावं होती. त्यातली अठरा हॉटेलामागली. उरलेली एक मंजुळा, वरच्या पाड्यावरल्या शेतकऱ्याची सून. तिचा नवरा त्या तीन क्लीनरांपैकी एक. त्यानं आणलं ते तिच्या अंगात गेलं होतं, म्हणून ती बुधवारी येत होती. तिचंही नाव आणि पाडा मी सुबक अक्षरात उतरवला. कागदावर होतं ते सगळं आलं पाहिजे, एवढीच माझी अक्कल.

चार दिवसांनी भर दुपारी चावडीसमोर सभा झाली. मीही कडेला उभी होते. माझा कागद वाचला जाणार म्हणून गेले होते, हे कबूल केलेलं बरं. तलाठ्यानं तो मोठ्यानं वाचला. हॉटेलामागल्यांच्या नावांना कुणी खाकरत होतं, कुणी हसत होतं. मग मधेच मंजुळेचं नाव आलं. हसणं थांबलं. तिचा सासरा उठला, खांद्यावरचा टॉवेल झटकला आणि कुणाकडे न बघता चालू लागला. दुसऱ्या दिवशी मंजुळेला माहेरी पोचवलं. ती परत आली नाही.

ठराव एकमतानं झाला. दोन दिवसांत त्या बायांनी हद्द सोडायची, रोगाचं मूळच ठेवायचं नाही. तिसऱ्या सकाळी वालाच्या शेतातनं परतणाऱ्या माणसांनी कूड उपसले, वासे मोकळे केले. बाया बोचकी घेऊन एका ट्रकच्या हौद्यात चढल्या. ट्रक रोजचाच, ड्रायव्हरही रोजचाच. हौसा शेवटी चढली, एका हातानं पोट सांभाळत. तिनं दवाखान्याकडे पाहिलं की नाही ते मला सांगता येत नाही, कारण मी खिडकीतून मागं झाले होते.

ट्रक थांबायचे मात्र थांबले नाहीत. त्याबद्दल ठरावात काही नव्हतं.

पुढच्या बुधवारी मुंबईचं पाकीट आलं. हौसाच्या रक्तात गरमी होती, चांगली जोरात. डॉक्टरांनी बाटल्या काढून ठेवल्या. बाक रिकामा होता.

मी तिला शोधलं. रविवारी पळसदरीला गेले, नेरळला गेले, पाताळगंगेच्या काठी जिथं कारखान्यांची कामं निघाली होती त्या रसायनीलाही एकदा जाऊन आले. पण विचारायचं कुणाला? ज्यांना ठाऊक होतं ते पुरुष आपल्याला ठाऊक आहे असं नर्सपुढे कबूल करणार नव्हते, आणि बाकीच्यांनी माझ्याकडेच वाईट नजरेनं पाहिलं. एका मुकादमानं विचारलं, "तुमी पन त्यांच्यातल्याच का?" मी परत फिरले.

इथवर आल्यावर सुनीतानं पेन उघडलं. "म्हणजे विरोधात ना? लिहू?"

तरुण माणसांना निकाल हवा असतो. मला इतक्या वर्षांत तो नीट देता आलेला नाही. झोपड्या गेल्यामुळे एखादा मुलगा वाचलाही असेल. न झालेला रोग दवाखान्यात येऊन सांगत नाही, म्हणून त्याची मोजदाद माझ्याजवळ नाही. आणि त्या झोपड्या राहायला हव्या होत्या असं तरी मी कुठल्या तोंडानं म्हणू? हौसाला गावाकडे दोन एकर ओलिताची जमीन मिळाली असती तर तिचं बोचकं मी स्वतः डोक्यावर घेऊन घाट चढले असते. पण आम्ही तिला जमीन दिली नव्हती. आम्ही तिला फक्त बुधवारपासून तोडलं. रोग झोपडीत राहतो असं आण्णांना वाटलं, मलाही वाटलं. तो रक्तात राहतो, आणि रक्त ट्रकमध्ये बसून पुढच्या थांब्यावर जातं, तसंच घरी बायकोकडेही जातं. हे मला पुस्तकात शिकवलेलं होतं. खुर्चीत बसल्यावर विसरले.

"पण मावशी, आकडे? परीक्षक आकडे विचारतात."

"आकड्यांप्रमाणे बंदी झकास यशस्वी झाली," मी म्हटलं. तिला वाटलं मी चेष्टा करते.

चेष्टा नव्हती. फाल्गुनात वाल सुकतो. सुकलेल्या शेंगा उन्हात तडकून दाणे शेतात सांडतात, म्हणून दव असतानाच पहाटे रोपं उपटायची असतात. दवाखाना उघडायच्या वेळेला बाया ओल्या पदरांनी परतत असत. त्यांतल्या काहींचं दुखणं मला ठाऊक होतं. मंजुळेचं नाव चावडीवर वाचलं गेल्यापासून एकही बाई बुधवारी दवाखान्याची पायरी चढली नव्हती. आल्याच तर गुरुवारी-शुक्रवारी यायच्या, पदर तोंडाशी धरून, आणि माझ्या हातातल्या पेनाकडे बघत बोलायच्या.

एक आठवते. चांगल्या घरची, दोन मुलांची आई. ओटीपोट दुखत होतं, लघवीला जळत होतं, नवरा ट्रकवर. मी रजिस्टर ओढलं तशी तिनं माझं मनगट धरलं.

"शिस्टर, काय लिवताव?"

"काय होतंय ते."

"नको गं बाय. ताप लिव. अंगात कनकन हाय म्हनून लिव."

मी ताप लिहिलं. डॉक्टरांनी वाचलं आणि पेनिसिलीन दिलं. तिच्यानंतरच्या बाईला मी विचारलंही नाही, आपण होऊनच ताप लिहिलं. ज्या आल्याच नाहीत त्यांचं तर काहीच लिहायचं नव्हतं. माझी ती पद्धतशीर बुधवारची यादी कोरी झाली, आणि तालुक्याहून आलेल्या साहेबांनी कोरा कागद पाहून डॉक्टरांशी हात मिळवला.

चैत्र लागला. वाल झोडपून झाले, दाणे राखेत घोळून कणगीत गेले. शेतं मोकळी पडली. एका बुधवारी, उन्हं चांगली वर आलेली असताना, बाकाच्या टोकाला हौसा बसलेली होती. रसायनीच्या बाजूनं चालत आली होती. पाय सुजलेले, पोट खाली उतरलेलं. नववा भरत आला होता.

"बाई, माझं रगत काय म्हनलं?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. ती म्हणाली, "तिकडल्या दवाखान्यात ग्येले हुते. नाव लिवा म्हनले. म्या म्हनलं, न्हाई लिवायचं. म्हनून हाकललं. तुमी बी लिवू नका." यादी कुणी लिहिली होती हे तिला ठाऊक होतं का? तिनं कधी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. त्यासारखा भित्रेपणा मी दुसरा केला नाही.

डॉक्टरांनी तिला तपासलं आणि मला आत बोलावलं. पाकीट आलं त्या बुधवारी सुरू केलं असतं तर बाळ बहुतेक वाचलं असतं, म्हणाले. आता औषध बाळापर्यंत पोचून काम करायला वेळच नाही. तरी इंजेक्शन दिलं. तिला जाऊ दिलं नाही. मागच्या खोलीत, जिथं मी सुया उकळायची, तिथं घोंगडी घालून दिली. रजिस्टरात ताप लिहिलं.

चौथ्या दिवशी सकाळी ती बाळंत झाली. मुलगी जिवंत होती, हौसाचं पहिलं जिवंत मूल. पण चेहरा म्हाताऱ्या बाईसारखा सुरकुतलेला, तळहात-तळपायांची कातडी सुटलेली, नाक चोंदलेलं. दूध ओढायला तोंड लावलं की श्वास कोंडायचा आणि ती तोंड सोडायची. मी चमच्यानं, कापसाच्या बोळ्यानं दूध घालत राहिले. डॉक्टर तिच्या चिमूटभर मांडीत रोज सुई देत होते. हौसा बघत बसायची. मुलीच्या जन्माच्या सहाव्या दिवशी तिनं मला हाक मारली. आवाज चढवला नाही, रडलीही नाही.

"तुमी नक्की म्हनला हुतात बाई."

मला लाज वाटली. आजही वाटते. त्या एका वाक्यापुढे माझी पुढची सगळी नोकरी उभी केली, तरी ते खोटं पडत नाही.

सातव्या दिवशी दुपारी मुलगी गेली. ओढ्याकाठी तिला ठेवून आलो, डॉक्टर, मी आणि हौसा. संध्याकाळच्या आत हौसा उठून चालू लागली. "थांब, इंजेक्शनं पुरी कर," मी म्हटलं. "येईन बुधवारी," ती म्हणाली आणि आली नाही.

महिना संपत आला होता. महिनाअखेरचा तक्ता तालुक्याला जायचा होता आणि आण्णांनाही त्याची एक नक्कल हवी होती, शेजारच्या गावांना दाखवायला. डॉक्टर सांगत होते, मी लिहीत होते. गुप्तरोग, नवे रोगी: निरंक. गुप्तरोग, जुने रोगी: निरंक. मग डॉक्टर खिडकीकडे वळले आणि म्हणाले, "पुढचं तुम्हीच भरा."

पुढचा रकाना मृत्यूंचा होता. नाव ठेवलेलं नव्हतं आणि आईचं नाव लिहायचं नव्हतं. मी माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं: स्त्री, वय सात दिवस, ताप.